कोकणात सोबर माणसांसाठी रिट्रीट काढायचंय? मग जागा सगळ्यात शेवटी बघा

दर थोड्या महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. ताई, देवगडच्या पुढे एक जागा मिळतेय, समोर समुद्र, मागे कलमांची बाग, दारू सोडलेल्या लोकांसाठी आश्रमासारखं काहीतरी काढायचंय. मी विचारते, माणसं किती आहेत तुमच्यासोबत? डॉक्टर कोण? रात्री बाराला एखाद्याला झोप येईना तर त्याच्याजवळ कोण बसणार? याची उत्तरं बहुतेकांकडे नसतात, पण प्लॉटचे फोटो मात्र चाळीस असतात. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय. माझा नवरा बरीच वर्षं सोबर आहे, तो मिटिंगांचं (दारू सोडलेल्यांनी एकत्र बसून मोकळं बोलायच्या बैठका) बघतो आणि मी घर, जेवण, गाडी, गावाशी बोलणं हे सगळं बघते, त्यामुळे माझं बोलणं थोडं भांड्याकुंड्यांच्या बाजूने असेल, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रिट्रीट म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नाही. दारू सोडवायचं काम केंद्राचं, त्याला डॉक्टर लागतात, नर्स लागतात, औषधं लागतात. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून ते करतंय, राज्यात इतरही ठिकाणं आहेत. रिट्रीट त्याच्या पुढची पायरी आहे. माणूस ट्रीटमेंट घेऊन घरी आलाय, मिटिंगा करतोय, दारू थांबलीय पण आतलं सगळं अजून तसंच आहे, राग तसाच, लाज तशीच, देवाशी भांडण तसंच. त्याला चार दिवस घरादारापासून, मोबाईलपासून बाजूला बसून स्वतःकडे बघता यावं, एवढंच आपलं काम. हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर त्याला कायद्याची बाजू आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जशी संबंधित त्रासही येतात, आणि अशा रुग्णांना उपचारासाठी, पुनर्वसनासाठी ठेवून घेणाऱ्या जागेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे बोर्डावर, पत्रकावर, व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये "व्यसन सोडवून देऊ", "गॅरंटी" असलं काही लिहायचं नाही. कुणाला बळजबरीने आणायचं नाही, दाराला कुलूप नाही, ज्याला जायचंय तो कधीही जाऊ शकतो. आणि तुमचा चार दिवसांचा कार्यक्रम कागदावर लिहून एखाद्या वकिलाला आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला आधीच दाखवा. आपलं नेमकं कशात बसतं आणि कशात नाही हे त्यांच्याकडून ऐकलेलं बरं, व्हॉट्सअॅपवरच्या काकांकडून नको.

माणसं जमवा

पाच माणसं पुरतात. त्यातली किमान तीन स्वतः रिकव्हरीत असलेली, दोन-तीन वर्षं तरी सोबर, आणि ज्यांना स्वतःचा स्पॉन्सर (म्हणजे पैसे देणारा नव्हे, वाट दाखवणारा जुना सोबर मेंबर) आहे अशी. एक घरच्यांच्या बाजूची, म्हणजे बायको, आई, बहीण अशी कुणी. आणि एक पूर्ण बाहेरचा माणूस ज्याला हिशोब कळतो आणि "नाही" म्हणता येतं. या पाचमध्ये कुणीही गुरू नको. हे मी हसत लिहितेय पण खरं आहे, कोकणात एखाद्याने पांढरे कपडे घातले आणि चार लोकांची दारू सुटली की वर्षभरात लोक त्याच्या पाया पडायला लागतात, आणि मग तो माणूस घसरला तर त्याच्याबरोबर बाकीचेही घसरतात. सेशन घेणारा दर वेळी बदलता ठेवा, कंटाळवाणं झालं तरी चालेल.

यातले बरेचजण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे (एए, दारू सोडलेल्यांनी एकमेकांना सावरायची फेलोशिप) असणार. ही फेलोशिप 1935 ला अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावात सुरू झाली आणि माणसाने सोबर राहण्यासाठी चढायच्या तिच्या बारा पायऱ्यांइतक्याच, फेलोशिप कशी चालवायची हे सांगणाऱ्या बारा परंपराही महत्त्वाच्या आहेत, त्या नवीन लोक वाचतच नाहीत. सहावी परंपरा सांगते की फेलोशिपचं नाव बाहेरच्या कुठल्याही संस्थेला द्यायचं नाही. सातवी सांगते बाहेरचा पैसा घ्यायचा नाही. अकरावी आणि बारावी गुप्ततेची. म्हणजे तुमचं रिट्रीट "एएचं रिट्रीट" असू शकत नाही. एएचे सभासद वैयक्तिकपणे येतील, रात्री एक मिटिंग होईल, पण संस्था वेगळी, पैसा वेगळा, नाव वेगळं. हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या नाहीतर नंतर जुने मेंबर आणि नवीन ट्रस्टी यांच्यात जी जुंपते ती बघवत नाही.

कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण इथे चुकलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासात फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसात डिलिरियम, म्हणजे भास, घाम, थरथर, माणूस ओळख विसरतो, ज्याला सगळे "डीटी" म्हणतात. याला हॉस्पिटल लागतं. नामस्मरणाने डीटी थांबत नाही. त्यामुळे नातेवाईक कितीही रडले, "ताई, कालपासून सोडलीय, तुमच्याकडे आणून टाकतो" म्हणाले तरी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचं.

आमचा नियम असा की किमान तीन महिने सोबर, स्पॉन्सरची शिफारस आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, ज्यात चालू औषधं लिहिलेली असतील. फॉर्ममध्ये फिट कधी आली होती का, जीव द्यायचे विचार किंवा प्रयत्न, शुगर, बीपी, लिव्हरचं काय, हे सगळं स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. महिनाभरात फिट आलेली असेल, आवाज ऐकू येत असतील, जीव द्यायचे विचार सुरू असतील तर यावेळी नाही, पण फोन ठेवायचा नाही, त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 द्यायचा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446 द्यायची आणि दोन दिवसांनी स्वतःहून परत फोन करायचा.

ब्राऊन शुगर किंवा नशेच्या गोळ्यांचा इतिहास असलेल्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. काही महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि घसरल्यावर माणूस जुनाच डोस घेतो, तोच जीवघेणा ठरतो. हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधीच समजावून सांगा.

औषधांवरून अध्यात्मवाले लोक घोळ घालतात. कुणीतरी सीनियर मेंबर म्हणतो, "देवावर विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला". अशा माणसाला बाजूला घेऊन सांगायचं की पुन्हा बोललास तर पुढच्या वेळी नको. डिप्रेशनच्या, झोपेच्या, फिटच्या गोळ्या डॉक्टरशिवाय कुणी बंद करायच्या नाहीत. आणि जे डायसल्फिराम (दारूपासून लांब ठेवणारी गोळी) घेतात त्यांच्याबद्दल एक चिठ्ठी स्वयंपाकघरात लावा (नावं नको, फक्त "इथे असे लोक आहेत" एवढं). ती गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. काही खोकल्याच्या औषधांत आणि माऊथवॉशमध्येही ही दारू असते. म्हणून फर्स्ट एडचा डबा कुणीतरी डोळसपणे भरायचा, आणि माडी घालून फुगवलेले सांदण वगैरे जे लाडाने कुणी आणून देतं ते नम्रपणे परत.

भाड्याचं घर

आता घर. भाड्याने. पहिली दोन-तीन वर्षं तरी भाड्यानेच. कोकणात न्याहारी-निवासवाली घरं, होमस्टे आता गावोगाव आहेत आणि सीझन सोडून ती रिकामी पडलेली असतात. चौदा-पंधरा माणसांना पुरेल असं चिरेबंदी घर, पुढे अंगण किंवा पडवी जिथे सगळे गोल बसू शकतील, दोनपेक्षा जास्त संडास, आणि पिण्याच्या पाण्याची खात्री. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची घरं दिसायला सुंदर, पण मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि टँकर मागवावा लागतो.

समुद्राला चिकटून नको. मला माहितीय की सगळ्यांना समुद्रच हवा असतो. पण तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर असल्या ठिकाणी बीचवर संध्याकाळी काय चालतं ते तुम्हाला माहितीय, शेजारच्या होमस्टेमध्ये डीजे आणि बाटल्या, आणि आपली माणसं पडवीत बसून मौन पाळतायत, कसं जमायचं? किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटर आत, वाडीच्या टोकाला घर घ्या आणि सकाळी गाडीने किंवा चालत समुद्रावर जा. पाण्यात गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही, पावसाळ्यात तर पाण्याला पाय लावायचा नाही. हा नियम पोहता येणाऱ्यांनाही.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यात घर स्वस्त मिळालं तरी दोनदा विचार करा. गोवा तासाभरावर आहे, तिथली दारू स्वस्त आहे आणि मार्च ते मे काजूच्या सीझनमध्ये उर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा वास वाऱ्यावर येतो. सोबर माणसाला वास पुरतो. मी तर कणकवली, राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या आतल्या गावांना पसंती देते, स्टेशन जवळ, हायवे जवळ आणि टुरिस्ट कमी.

घर ठरवण्याआधी गाडीत बसून घड्याळ लावा. सगळ्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती मिनिटांवर, तिथे रात्री डॉक्टर असतो का, ग्रामीण रुग्णालय किती लांब, 108 ची गाडी यायला किती वेळ लागतो ते वाडीतल्या लोकांना विचारा. मोबाईलची रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही. घोणस, फुरसं, मण्यार हे आपल्याकडचे पाहुणे आहेतच, त्यामुळे रात्री टॉर्चशिवाय कुणी अंगणात उतरायचं नाही आणि चावलं तर मांत्रिक नाही, थेट हॉस्पिटल.

गावाशी बोला

शहरातले लोक ही पायरी गाळतात. गावात बारा पुरुष चार दिवस येऊन राहिले, दारू पीत नाहीत, मासे मागत नाहीत, पहाटे उठून गप्प बसतात, म्हणजे गावाला संशय आलाच पाहिजे. आधी सरपंच, पोलीस पाटील आणि देवळाचे मानकरी यांना भेटा, चहा घ्या, खरं काय ते सांगा. "योगा कॅम्प" वगैरे खोटं बोलू नका, कळतंच. पण कुणाचं नाव, कुठून आला, हे मात्र सांगायचं नाही.

गावातल्या बचत गटाच्या बायका तुमच्या सगळ्यात पहिल्या मित्र होतील, हे लिहून ठेवा. महाराष्ट्रात महिलांनी मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करता येतं, उभी बाटली की आडवी बाटली असं ते मतदान असतं, आणि ज्या गावात आडवी बाटली झालीय किंवा व्हावी म्हणून बायका धडपडतायत तिथे तुम्हाला स्वयंपाकापासून रात्रीच्या सोबतीपर्यंत कशाचीच कमी पडणार नाही. स्वयंपाकाचं काम त्यांनाच द्या, ठरलेल्या मजुरीने, उपकार म्हणून नाही.

आता राखणीचा विषय. दक्षिण कोकणात नवीन जागेत काही सुरू करायचं तर राखणदाराला (जागेचं रक्षण करणाऱ्या दैवताला) मान द्यावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यात कोंबडा आणि दारूची बाटली असते. कुणीतरी जाणता माणूस सांगणारच की हे केल्याशिवाय जागा लाभायची नाही. वाद घालू नका, "अंधश्रद्धा" म्हणून भाषण तर अजिबात नको, तुम्ही पाहुणे आहात. हात जोडून सांगायचं की इथे येणारी माणसं याच बाटलीपायी उद्ध्वस्त झालीत, त्यांच्या दारात ती नको, नारळ-साखर स्वीकारावी. गावकरी समजून घेतात. गाऱ्हाणं घालणाराच (गावाच्या वतीने देवाला मोठ्याने विनवणारा) मग देवाला ते समजावून सांगतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात.

कधी भरवायचं

कॅलेंडर घेऊन बसा आणि माणूस कधी घसरतो ते आधी बघा. गटारी, शिमगा, गणपती, थर्टी फर्स्ट, आणि गावातलं लग्न. यातला गटारीचा वीकेंड माझ्या मते रिट्रीटला सगळ्यात उपयोगी. घरं स्वस्त, टुरिस्ट नाहीत आणि ऑफिसपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे बाटल्या उघडत असताना आपली माणसं एकत्र असतात. पावसाचं मात्र धरून चाला, वीज जाणार, कपडे वाळणार नाहीत, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं ते तपासा, इन्व्हर्टर आणि घोंगड्या ठेवा.

आणि त्याच वेळी श्रावणावर एक सेशन घ्याच. आपल्याकडे "मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, म्हणजे माझा कंट्रोल आहे" हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं, आणि सोबर झालेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी बायकोच्या तोंडावर फेकलेलं असतं. श्रावण पाळता येतो आणि गणपती गेले की दुप्पट होते, यावर लोक मनापासून बोलतात, हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

गणपतीत भरवू नका, कुणी येणार नाही आणि येऊही नये, त्यांनी घरीच असायला हवं. त्याऐवजी आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑनलाईन भेटा आणि प्रत्येकाचा प्लॅन विचारा, आरतीनंतर कुणाच्या घरी जाणार, चुलतभाऊ मागच्या पडवीत बोलावेल तेव्हा काय सांगणार, फोन कुणाला करणार.

येणं

मुंबईहून येणाऱ्या कुणालाही एकटं येऊ देऊ नका. जोड्या लावा. कोकणकन्या गाडी तशीच पुढे गोव्यात मडगावला जाते हे विसरू नका, आणि झोप लागून स्टेशन चुकलं की पुढचं काय होईल सांगता येत नाही. पुण्याकडून गाडीने येणार असतील तर वाटेत जेवणासाठी परमिट रूम नसलेलं हॉटेल आधीच ठरवा. आल्यावर मोबाईल एका पिशवीत, रोज संध्याकाळी अर्धा तास परत. बॅगा तपासायच्या की नाही यावर आमच्यातही एकमत नाही, मी म्हणते तपासू नका, स्वतःहून दाखवायला सांगा.

चार दिवसात करायचं काय

पहाटे साडेपाचला उठणं, चहा, अर्धा तास शांत बसणं. मग झाडलोट, पाणी भरणं, अंगण सारवणं, लाकडं रचणं. याला श्रमदान म्हणा नाहीतर काहीही म्हणा, पण हे हवंच, कारण नुसतं बसून अध्यात्म केलं की डोकं फिरतं. नाश्ता आंबोळ्या, घावणे, उसळ. सकाळचं मोठं सेशन अडीच तास, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर एकास एक बोलणं, दिवेलागणीला प्रार्थना, जेवण आणि रात्री मिटिंग. जेवणात गोड ठेवा, दारू सुटलेल्या माणसाला गोडाची ओढ असते, खापरोळ्या केल्या तर अंगणात गर्दी होते. सोलकढी भरपूर. उपास कुणाला करू देऊ नका, रिकामं पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींनी तलफ उठते हे फेलोशिपमधल्या कुणालाही विचारा.

सकाळच्या सेशनला एका रिट्रीटमध्ये एक-दोनच पायऱ्या घ्या. बाराच्या बारा चार दिवसात उरकणारे लोक मी पाहिलेत, त्याने काही होत नाही. पहिल्या रिट्रीटला दुसरी-तिसरी पायरी, म्हणजे आपल्यापेक्षा मोठी शक्ती आणि तिच्यावर सोपवणं. पुढच्या वेळी चौथी, स्वतःची झाडाझडती. त्यासाठी शंभर पानी वही आणि पेन प्रत्येकाला, आणि वही त्याचीच, कुणी वाचायची नाही.

देव कुठला, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी येतो. तुमच्या बारा जणांत एक वारकरी असेल ज्याने माळ घातलीय, एक रत्नागिरीकडचा मुसलमान असेल, एक बौद्ध असेल जो म्हणेल आम्ही देव मानत नाही, एक ख्रिश्चन असेल, आणि एक असा की ज्याचं मूल गेलंय आणि देवाचं नाव काढलं की उठून जातो. पायऱ्यांमध्ये शब्द आहेत "आम्हाला समजलेला देव", म्हणजे ज्याला जसा समजेल तसा. म्हणून भिंतीवर एकच फोटो लावू नका, खरं तर कुठलाच नको. प्रत्येक संध्याकाळी एकाने त्याच्या पद्धतीने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. नमाजाची वेळ टाइमटेबलमध्ये धरा, रमजान असेल तर पहाटे सहरीच्या जेवणाची सोय करा, तेवढा एक उपास मात्र शुगर किंवा गोळ्या असतील तर डॉक्टरला विचारून. आणि ज्याला काहीच करायचं नाही त्याला झाडाखाली बसू द्या.

जवळ जागा असेल तर एका सकाळी बाहेर न्या. रत्नागिरीच्या बाजूला असाल तर पावसला स्वामी स्वरूपानंदांचं (1903 ते 1974) ठिकाण आहे, तिथली शांतता ज्याला देवाचं फारसं काही नाही त्यालाही चालते. गर्दीची देवस्थानं टाळा, बाहेर रांगा आणि हॉटेलं, त्यात दिवस जातो.

गाऱ्हाण्याचा मी मघाशी उल्लेख केला. शेवटच्या रात्री आम्ही कधीकधी त्याच्या धर्तीवर करतो, ज्याला हवं तो उभा राहून आपलं दुखणं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे एका आवाजात हो म्हणतात. फेलोशिपच्या शेअरिंगसारखंच आहे ते, फक्त मातीतलं. पण ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नाही, आणि ढोल-बिल आणून त्याचा कार्यक्रम करू नका. भजनी मंडळ बोलवायचं असेल तर बुवांना आधी विचारून घ्या की मंडळी कोरडी येतील ना, डबलबारीनंतर (दोन भजनी बुवांच्या सामन्यानंतर) काय चालतं ते आपल्याला माहितीय.

मौनाबद्दल सावध राहा. दहा दिवस मौनाच्या विपश्यनेबद्दल ऐकून लोक तसं करायला जातात. नवीन सोबर माणसाच्या डोक्यात शांतता झाली की सगळं जुनं वर येतं, मार खाल्लेला, मारलेला, गेलेली माणसं. सकाळी दोन तास मौन पुरे, आणि त्या वेळात एक अनुभवी माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला हवा. तलफ आली तर काय करायचं हे मात्र समुद्रावर शिकवायला बरं पडतं. अॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली रीत आहे की तलफेशी लढायचं नाही, ती लाटेसारखी चढते, फुटते आणि ओसरते, तेवढा वेळ श्वासावर लक्ष ठेवून तिला बघत राहायचं. समोर लाटा असल्यावर हे समजवायला फार बोलावं लागत नाही.

रात्र आणि कबुल्या

दहा ते एक हा सगळ्यात अवघड वेळ. झोप येत नाही, मन मऊ झालेलं असतं. पडवीत एक माणूस जागा ठेवा आणि चहाचं भांडं गॅसवर. एवढंच. सल्ला द्यायची गरज नसते.

याच वेळी माणसाला वाटतं की आत्ताच बायकोला फोन करून सगळं कबूल करावं. करू देऊ नका. त्या बाईने काय करायचं रात्री साडेअकराला ते ऐकून? मी त्या बाजूला होते म्हणून सांगते. माफी मागणं ही नववी पायरी आहे, स्पॉन्सरशी बोलून, आणि समोरच्याला त्याने आणखी इजा होणार नसेल तरच. पत्र लिहा, वहीत ठेवा, घरी गेल्यावर बघू.

पाचवी पायरी, म्हणजे दुसऱ्या माणसासमोर सगळं सांगणं, ऐकायला बसणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायची. इथलं बोलणं इथेच राहील, पण लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तरी मी गप्प बसणार नाही. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर कळवलं तर विश्वासघात, आणि नाही कळवलं तर गुन्हा.

कुणी प्यायला तर

धरून चाला की कधीतरी होणार. त्याला रात्री हाकलायचं नाही. दोन माणसं त्याच्याबरोबर, वेगळी खोली, किती आणि काय घेतलं ते विचारायचं, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला लगेच फोन, घरी कळवायचं, आणि सकाळी सोबत देऊन परत. बाकीच्यांना सकाळी साध्या शब्दात सांगायचं, लपवायचं नाही आणि नाटकही करायचं नाही. तो माणूस तीन महिन्यांनी परत यायला मोकळा.

पैसे

एक ढोबळ हिशोब देते, आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले टाका. अकरा येणारे आणि तीन आपले, असे चौदा जण, चार दिवस. जेवणखाण माणशी रोज 450 धरलं तर 25,200. घर रात्रीला 6,000 प्रमाणे चार रात्री, 24,000. स्वयंपाकाच्या दोन बायका, तयारीसकट पाच दिवस, रोज 800 प्रमाणे 8,000. एक गाडी पूर्णवेळ दारात उभी, रोज 2,500 प्रमाणे 10,000. किरकोळ 5,000. झाले 72,200. अकरा जणांत माणशी साधारण 6,560, पण दोन जागा फुकट ठेवायच्या, कारण ज्याला सगळ्यात जास्त गरज असते त्याच्याकडे पैसे नसतात, मग नऊ जणांत माणशी 8,000 च्या आसपास पडतात. गाडीचे पैसे वाचवू नका. दारू विकून पैसा केलेल्या कुणाची देणगी घेऊ नका, कितीही पश्चात्ताप झालेला असला तरी, गावात ते लगेच कळतं.

फोटो नाहीत, रील्स नाहीत, ड्रोन तर नाहीच. देणगीदार फोटो मागतात, त्यांना रिकाम्या पडवीचा द्या.

बायकांसाठी वेगळं रिट्रीट ठेवा, एकत्र नको. पिणाऱ्या बायका आपल्याकडे समोरच येत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तीन-चारच येतील, तरी भरवा. आणि वर्षातून एकदा फक्त घरच्यांसाठी, त्यांची स्वतःची अल-अॅनॉन ही फेलोशिप 1951 पासून आहे, त्यातलं कुणी बोलवा. तिथे नवऱ्यांना सोडायला यायचीही बंदी.

घरी गेल्यावर

उतरतानाच पुढच्या चोवीस तासातली मिटिंग कुठली ते प्रत्येकाच्या वहीत लिहून द्या. रिट्रीटहून गेलेला माणूस तरंगत असतो आणि घरी गेल्यावर गॅस संपलेला असतो, पोरगं बोलत नाही, मग आपटतो. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने फोन करायचा, कुणी करायचा ते नावानिशी ठरलेलं हवं. घरच्यांनाही आधी एक फोन, की तो साधू होऊन येत नाहीये, चिडेल, वेळ द्या.

आणि मग संस्था, मग जमीन

दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात नीट चाललं, पाचपैकी निदान चार माणसं अजून एकत्र आहेत, तर नोंदणी करा. धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली ट्रस्ट हा नेहमीचा मार्ग. मग आयकर खात्याकडे संस्थेची नोंदणी आणि देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून मान्यता. विश्वस्त बदलला की 90 दिवसात बदल अर्ज, दरवर्षी ऑडिट, हे सांभाळणारा माणूस नसेल तर नोंदणी करू नका.

जमीन घेताना वकिलाशिवाय टोकन देऊ नका. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकरीच घेऊ शकतो, कूळकायद्याचं कलम 63, आणि ट्रस्ट काही शेतकरी नाही, त्यामुळे परवानगी किंवा आधीच बिनशेती झालेली जागा. सातबाऱ्यावर कोकणात पंधरा-वीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वारस लागलेले नाहीत, इतर हक्कात कुळाचं नाव. फेरफार मागे जाऊन वाचून घ्या आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटर सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम) लागतो आणि गावाकडच्या भागात साधारण पहिल्या 200 मीटरमध्ये नवीन बांधकामाला मनाई, खाडीलाही वेगळे नियम आहेत, त्यामुळे एजंट "मी बघतो" म्हणाला की उठून या. जमीन ट्रस्टच्या नावावर घ्या, एका माणसाच्या नाही, तो कितीही सज्जन असला आणि कितीही वर्षं सोबर असला तरी. ट्रस्टच्या नावावर असली की विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यामुळे उद्या विश्वस्तांत भांडणं झाली तरी प्लॉट परस्पर कुठल्या रिसॉर्टवाल्याला जात नाही. विहिरीचं पाणी मे महिन्यात स्वतः जाऊन बघा, आणि रस्त्याचा हक्क कागदावर आहे का ते तलाठ्याकडे विचारा, शेजाऱ्याच्या शब्दावर नको.